दुसऱ्याच्या गुडघ्यावर बांधलेले इमले

१९६२च्या मोसमात ऑकलंड रेडर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ १४ सामन्यांपैकी १३ हरला. अशा संघात ज्याचे पैसे अडकले आहेत त्या माणसाने काय करावं? बिल विंकेनबाख या भागीदाराने न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात, संघाचा प्रसिद्धी अधिकारी आणि ‘ऑकलंड ट्रिब्यून’चा बातमीदार स्कॉटी स्टर्लिंग यांना सोबत घेऊन, कागदावरच्या फुटबॉलचे नियम लिहून काढले. विकत घेतलेला संघ जिंकत नाही, तर फुकटात मनाजोगता संघ जमवून जिंकावं, असा हा साधा व्यावहारिक विचार होता. पुढच्या ऑगस्टमध्ये, १९६३ साली, विंकेनबाखच्या घरी आठ संघांसाठी खेळाडूंची पहिली निवड झाली. पहिली पाळी आली अँडी मूसालिमस यांच्यावर. समोर क्लीव्हलँडचा जिम ब्राउन होता, त्या काळातला सर्वांत दणकट धावपटू. मूसालिमस यांनी त्याला सोडून जॉर्ज ब्लँडाला उचललं. ब्लँडा चेंडू फेकायचा आणि लाथेने गोलही मारायचा, म्हणजे एका तिकिटात दोन खेळ. त्या मोसमात जिम ब्राउन १,८६३ यार्ड धावला. तो तेव्हाचा विक्रम ठरला.

म्हणजे फँटसी फुटबॉल या कागदी खेळाच्या इतिहासातला पहिलावहिला अंदाजच रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या गड्याच्या, बाबतीत फसला. ही परंपरा अमेरिकेने पुढे साठ वर्षं निष्ठेने पाळली आहे.

खेळ आपल्या वाचकाला परका वाटायचं कारण नाही. २००८ साली मुंबईत ‘ड्रीम इलेव्हन’ निघालं आणि क्रिकेटचा कागदी संघ लावणं लोकलच्या डब्यापर्यंत पोहोचलं. २०२५च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली आणि तो बाजार उठला, पण कर्णधार कुणाला करायचं यावरून घरोघरी झालेले वाद लोक विसरलेले नाहीत. अमेरिकन प्रकार जरा लांबलचक आहे. तिथे साधारण १२ मित्र किंवा कचेरीतले सहकारी एक लीग करतात. ऑगस्टअखेर एकत्र बसून एकेक खेळाडू उचलतात, आणि एकाने उचललेला खेळाडू त्या लीगमध्ये दुसऱ्याला मिळत नाही. मग सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत आपापल्या खेळाडूंच्या खऱ्या कामगिरीवर गुण. दहा यार्ड धावलं की एक गुण, चेंडू गोलरेषेपार नेऊन टचडाऊन केलं की सहा. न्यू जर्सी किंवा डॅलसच्या कचेरीत नव्याने रुजू झालेल्या मराठी अभियंत्यालाही ऑगस्टमध्ये कुणी तरी विचारतंच, ‘लीगमध्ये येतोस का?’ आणि चेंडू लांबट का असतो हे कळायच्या आत तो एका संघाचा मालक होऊन बसतो.

या सगळ्यात रनिंग बॅक हा प्राणी सर्वांत महागडा आणि सर्वांत बेभरवशाचा. त्याचं काम सांगायला सोपं: क्वार्टरबॅकने हातात दिलेला चेंडू छातीशी धरायचा आणि सव्वाशे-दीडशे किलोच्या माणसांच्या भिंतीत घुसायचं. एका सामन्यात हे वीस-पंचवीस वेळा. भिंत पडली तर यार्ड मिळतात, नाही पडली तर स्वतः पडायचं. सगळा भार वाहणारे गडी खऱ्या व्यावसायिक लीगमध्ये मोजकेच असतात, बहुतेक संघ दोघातिघांत काम वाटून देतात. त्यामुळे जो कालपर्यंत कुणाला माहीत नव्हता आणि यंदा अचानक हजार-दीड हजार यार्ड धावणार आहे, असा ‘ब्रेकआउट’ रनिंग बॅक ऑगस्टमध्येच हेरणं ही फँटसी मालकाची मोठी आकांक्षा असते. पहिल्या फेरीत नावाजलेला खेळाडू घेणं कुणालाही जमतं. दहाव्या फेरीत हिरा उचलून बाकीच्या अकरा जणांकडे तुच्छतेने पाहण्यात जे सुख आहे, त्यासाठी माणसं रात्र रात्र जागतात.

त्यांच्या सोयीसाठी ऑगस्टमध्ये भाकितांचं पीक येतं. पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेलं असतं, कुणाला बेडूक, कुणाला गाढव, कुणाला मोर. तसंच इथे प्रत्येक रनिंग बॅकला एक लक्षण लावलेलं असतं. हा वजन उतरवून आला आहे. हा वजन वाढवून आला आहे. (दोन्ही शुभ.) याला वाट करून देणारी पुढची फळी सुधारली आहे. याला यंदा पासही मिळणार आहेत. याच्याबद्दल प्रशिक्षक पत्रकारांशी फार चांगलं बोलले. प्रशिक्षकांच्या या बोलण्यावर तर किती पिढ्या बरबाद झाल्या असतील. ऑगस्टमध्ये कुठल्याही प्रशिक्षकाला विचारा, त्याच्या मते त्याचे चारही रनिंग बॅक चारही बाजूंनी उत्तम चाललेले असतात.

प्रशिक्षकांचा विषय निघाला की माइक शॅनहन यांच्यापाशी थांबावंच लागतं. फँटसी मालकांना या एका माणसाने जितकं झुलवलं तितकं दुखापतींनीही झुलवलं नसेल.

शॅनहन डेन्व्हर ब्राँकोजचे मुख्य प्रशिक्षक झाले १९९५मध्ये. त्या वर्षी खऱ्या संघांच्या नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्यांनी टेरेल डेव्हिस नावाचा पोरगा सहाव्या फेरीत घेतला, एकूण निवडीत १९६वा. म्हणजे बाकीच्या संघांनी त्याच्याआधी १९५ जणांना पसंती दिली होती. डेव्हिस पहिल्याच मोसमात १,११७ यार्ड धावला आणि १९९८मध्ये २,००८. साहजिकच १९९९च्या ऑगस्टमध्ये तो फँटसीच्या यादीत अगदी वर होता. चौथ्या सामन्यात डेन्व्हरचा पास प्रतिस्पर्ध्याने पकडला, त्याला पाडायला डेव्हिस धावला आणि गुडघा गमावून बसला. त्याच्या जागी आला ओलँडिस गॅरी, चौथ्या फेरीतला नवखा. तो १,१५९ यार्ड धावला. मालकांनी २०००मध्ये गॅरीला उचललं. पहिल्याच सामन्यात गॅरीचाही गुडघा गेला. त्याच्या जागी माइक अँडरसन, पुन्हा सहाव्या फेरीतला, आधी मरीन कोअरमध्ये नोकरी करून आलेला, वयाच्या २७व्या वर्षी नवखा म्हणवला जाणारा गृहस्थ. त्याने १,४८७ यार्ड काढले आणि वर्षातला उत्कृष्ट नवोदित ठरला.

इथे मालकांना साक्षात्कार झाला. खेळाडू महत्त्वाचा नाहीच! डेन्व्हरच्या पोशाखात जो कुणी उभा राहील तो हजार यार्ड धावणार. हा साक्षात्कार अगदीच चुकीचा नव्हता. रनिंग बॅकला वाट करून देणाऱ्या डेन्व्हरच्या फळीला अ‍ॅलेक्स गिब्ज नावाचे प्रशिक्षक शिकवत. त्यांच्या पद्धतीत फळीतले सगळे गडी एकाच दिशेला एकदम सरकतात, समोरची भिंत आडवी ताणली जाते, आणि तिला कुठे तरी फट पडते. रनिंग बॅकने ती फट दिसली की एकदाच वळायचं आणि सरळ घुसायचं. नाच नको, नखरे नकोत. ज्याला हे जमलं त्याला यार्ड मिळत. नाव काय, गाव काय, कितव्या फेरीतला, कोण विचारतं?

फक्त जो कुणी उभा राहील तो नेमका कोण, हे शॅनहन कुणाला कळू देत नसत. २००४मध्ये त्यांनी क्लिंटन पोर्टिसला वॉशिंग्टनला देऊन टाकलं. पोर्टिस सलग दोन वर्षं दीड हजारांवर धावलेला. त्याची जागा क्वेंटिन ग्रिफिनला मिळणार हे ऑगस्टमध्ये जगजाहीर झालं. लोकांनी ग्रिफिनवर उड्या टाकल्या. पहिल्या सामन्यात तो १५६ यार्ड धावला आणि देशभरातल्या मालकांनी आपल्याच पाठीवर थापा मारून घेतल्या. काही आठवड्यांत ग्रिफिनची जागा गेली आणि पाठोपाठ गुडघाही. मोसमाअखेर डेन्व्हरच्या वतीने १,२४० यार्ड धावलेला माणूस होता रूबेन ड्राउन्स, ज्याला ऑगस्टमध्ये कुणी फुकटही घेतलं नव्हतं. २००५मध्ये सगळे म्हणाले, यंदा टेटम बेल. शॅनहन यांनी त्या ३२ वर्षांच्या माइक अँडरसनलाच पुन्हा पुढे केलं. अँडरसन हजार यार्ड आणि १२ टचडाऊन करून गेला. २००६मध्ये त्यांनी माइक बेल नावाच्या, निवडीत कुणीच न घेतलेल्या नवख्याचं नाव यादीत टेटम बेलच्या वर लिहिलं. दोन बेल! मालकांनी टेटमला टाकून माइकला धरलं. मोसमाअखेर १,०२५ यार्ड टेटमच्या नावावर होते.

पुढे शॅनहन वॉशिंग्टनला गेले. २०१२मध्ये तिथे तीन रनिंग बॅकची नावं चर्चेत होती. चौथा होता अल्फ्रेड मॉरिस, सहाव्या फेरीतला, पळण्यात मंद, १९९१च्या मॉडेलची जुनी माझदा गाडी चालवणारा. तो १,६१३ यार्ड धावला. माझदा त्याने त्यानंतरही विकली नाही. साठ वर्षांच्या या इतिहासात गुंतवणुकीचा इतका शहाणा निर्णय दुसऱ्या कुणी घेतल्याचं दिसत नाही.

संगीतात घराणी असतात तसं आता शॅनहन घराणंही आहे. डेन्व्हरमध्ये शॅनहन यांच्या हाताखाली तयार झालेले गॅरी कुबियाक ह्यूस्टनला गेले. २०१०मध्ये त्यांनी दुसऱ्या फेरीत बेन टेटला घेतलं. यंदाचा ब्रेकआउट! सरावाच्या सामन्यातच टेटचा घोटा मोडला. जागा मिळाली एरियन फॉस्टरला, ज्याला आदल्या वर्षीच्या निवडीत ३२ संघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं. पहिल्या सामन्यात २३१ यार्ड आणि तीन टचडाऊन, मोसमात १,६१६ यार्ड आणि लीगमध्ये पहिला. मुलगा काइल शॅनहन सॅन फ्रान्सिस्कोचा प्रशिक्षक झाला. २०२१मध्ये त्याच्याकडे रहीम मोस्टर्ट पहिला होता, आणि शहाण्या लोकांनी तिसऱ्या फेरीतल्या ट्रे सर्मनला हेरून ठेवलं होतं. मोस्टर्ट पहिल्या सामन्यात दोनदा चेंडू घेऊन धावला आणि गुडघा धरून बाहेर गेला. सर्मनला त्या दिवशी पोशाखही चढवू दिला नव्हता. धावला इलायजा मिचेल, सहाव्या फेरीतला. वडिलांची गादी मुलाने व्यवस्थित चालवली.

२०२४चा किस्सा तर कडीचा. ख्रिश्चन मॅककॅफ्री आदल्या वर्षी २१ टचडाऊन करून आलेला, त्यामुळे जवळपास प्रत्येक लीगमध्ये पहिला उचलला गेला. पहिला सामना सोमवारी रात्री. तोपर्यंत रविवारचे सगळे सामने संपलेले, म्हणजे संघात फारसे बदल करणंही शक्य नाही. सामन्याच्या थोडं आधी जाहीर झालं, मॅककॅफ्री खेळणार नाही. त्याच्या जागी जॉर्डन मेसन, निवडीत न घेतला गेलेला, १४७ यार्ड धावला. एवढ्यावरही मालकांनी नशिबाला बोल लावून गप्प बसायची तयारी केली असती. पण सामन्यानंतर मेसनने भोळेपणाने सांगून टाकलं, की आपण खेळणार हे आपल्याला शुक्रवारीच कळलं होतं. त्या रात्री अमेरिकेतल्या कित्येक सज्जनांच्या तोंडून निघालेले शब्द छापण्यासारखे नाहीत. मॅककॅफ्री त्या मोसमात जेमतेम चार सामने खेळला. आणि मेसनला आता तरी घ्यावं म्हणून ज्यांनी देव पाण्यात ठेवले, त्यांचा मेसनही पुढे जायबंदी झाला.

एवढं वाचल्यावर कुणाच्याही लक्षात येईल, की ब्रेकआउटच्या गोष्टीत पहिलं वाक्य नेहमी दुसऱ्याच कुणाच्या तरी गुडघ्याबद्दल असतं. भाकीत करणारे मात्र खेळाडूच्या गुणांचं भाकीत करतात. त्यांचा अभ्यास खोटा नसतो, चुकीच्या माणसाचा असतो. करीम हंट २०१७मध्ये कॅन्सस सिटीत आला तेव्हा तिसऱ्या फेरीतला राखीव गडी होता. सरावाच्या सामन्यात स्पेन्सर वेअरचा गुडघा गेला म्हणून हंट पुढे आला. पहिल्या सामन्यात पहिल्याच वेळी चेंडू त्याच्या हातातून निसटला, आणि ज्यांनी घाईघाईने त्याला घेतलं होतं त्यांनी टीव्हीसमोर डोकं धरलं. त्याच सामन्यात त्याने एकूण २४६ यार्ड काढले आणि मोसमाअखेर धावण्यात सगळ्या लीगमध्ये पहिला आला. जेम्स कॉनरच्या बाबतीत तर गुडघाही लागला नाही. २०१८मध्ये पिट्सबर्गचा लेव्हिऑन बेल कराराच्या पैशांवरून रुसला. आज येईल, उद्या येईल, म्हणत लोकांनी त्याला पहिल्या फेरीत घेतलं. तो त्या मोसमात आलाच नाही. रुसलेल्या जावयालाही कुणी इतके महिने सांभाळत नाही. कॉनर, कर्करोगावर मात करून उभा राहिलेला पोरगा, १३ सामन्यांत ९७३ यार्ड आणि १२ टचडाऊन करून गेला. २०२०मध्ये जॅक्सनव्हिलने ऑगस्टअखेर लिओनार्ड फोर्नेटला अचानक काढून टाकलं. जेम्स रॉबिन्सन, निवडीत न घेतलेला, १,०७० यार्ड. २०२३मध्ये रॅम्सचा कॅम एकर्स पहिल्या सामन्यात २२ वेळा धावला आणि २९ यार्ड काढून आला. पुढच्या सामन्यात तो संघाबाहेर होता. मग कायरेन विल्यम्स, पाचव्या फेरीतला, १२ सामन्यांत १,१४४.

या सगळ्या गड्यांची नावं ऑगस्टच्या भाकितांत नव्हती असं नाही. यादीच्या तळाशी, ‘यांच्याकडेही लक्ष असू द्या’ या सदराखाली ती होतीच. शंभर नावं लिहिली की त्यातली तीन खरी ठरतात. नोव्हेंबरमध्ये तेवढी तीनच आठवतात.

मग आकडेवाले लोक पुढे सरसावले. दरवर्षी इंडियानापोलिसला नव्या खेळाडूंची शारीरिक परीक्षा होते. त्यातली ४० यार्डांची, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरची शर्यत म्हणजे मुलाचे पाय पाळण्यात पाहण्याची अधिकृत सोय. बिल बार्नवेल या लेखकाने त्यात खेळाडूचं वजनही धरलं आणि ‘स्पीड स्कोअर’ नावाचं सूत्र काढलं: वजनाला दोनशेने गुणायचं आणि वेळेच्या चतुर्थ घाताने भागायचं. जड असूनही जोरात पळतो तो चांगला, असा त्याचा अर्थ. कल्पना वाजवी आहे. पण क्रिस जॉन्सनने २००८मध्ये ती शर्यत ४.२४ सेकंदांत संपवली आणि पुढच्या वर्षी तो २,००६ यार्ड धावला, यासाठी सूत्र कशाला हवं? आणि मॉरिसच्या माझदाचं काय करायचं, हे सूत्राला सांगता येत नाही.

ॲरन शॅट्झ यांनी ३७०चा शाप शोधला. एका मोसमात ज्याला ३७० किंवा त्याहून जास्त वेळा चेंडू देऊन पळवला, तो पुढच्या मोसमात कोसळतो. लॅरी जॉन्सनला कॅन्सस सिटीने २००६मध्ये ४१६ वेळा पळवलं, तो विक्रम आहे. पुढच्या वर्षी आठव्या सामन्यात त्याचं पाऊल मोडलं. डीमार्को मरे २०१४मध्ये ३९२ वेळा धावून १,८४५ यार्डांचा धनी झाला, पुढच्या वर्षी ७०२. शाप खरा वाटतो. पण एरिक डिकरसन १९८३मध्ये ३९० वेळा धावला आणि १९८४मध्ये २,१०५ यार्ड काढून बसला. एका मोसमातला तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. शाप देणाऱ्याला बहुधा तेव्हा सुट्टी असावी.

२०१३मध्ये शॉन सिगील यांनी या सगळ्याला कंटाळून निराळाच पंथ काढला, ‘झिरो आरबी’. सुरुवातीच्या फेऱ्यांत रनिंग बॅक घ्यायचाच नाही. पास पकडणारे भरवशाचे गडी घ्यायचे, शेवटी पाच-सहा राखीव रनिंग बॅक स्वस्तात उचलायचे आणि कुणाचे तरी गुडघे जाण्याची वाट पाहायची. माणुसकीच्या दृष्टीने जरा अवघड, पण या विषयावर आजवर मांडल्या गेलेल्या विचारांत हाच सर्वांत प्रामाणिक आहे. गोंधळ होणारच, तर त्यातून आपलाच फायदा होईल अशी जागा धरून बसावं. बाकीचे लोक गोंधळ होणारच नाही असं धरून चालतात.

अर्थात जागा मिळूनही ज्यांचं सोनं झालं नाही, त्यांची यादी फार लांब आहे. मॉन्टी बॉल हा २०१४चा हमखास ब्रेकआउट होता. डेन्व्हरचा पोशाख, चेंडू हाती द्यायला पेटन मॅनिंग, आणखी काय हवं? सराव शिबिरात त्याचं अपेंडिक्स काढावं लागलं. मोसमात तो १७२ यार्ड धावला, आणि उत्तरार्धात सगळी मलई खाल्ली सी. जे. अँडरसनने, जो अर्थातच निवडीत न घेतलेला होता. सिअॅटलच्या क्रिस्टीन मायकलबद्दल तर वर्षानुवर्षं ऑगस्टमध्ये एकच वाक्य छापून येत असे, की संधी मिळाली तर हा काय करेल सांगता येत नाही. संधी मिळाल्यावरही ते सांगता आलं नाही. क्लीव्हलँडच्या पेटन हिलिसने मात्र २०१०मध्ये खरंच चमत्कार केला: डेन्व्हरने एका क्वार्टरबॅकच्या बदल्यात देऊन टाकलेला हा दांडगा गडी १,१७७ यार्ड धावला. लोक इतके भारावले, की ‘मॅडन’ या व्हिडिओ गेमच्या मुखपृष्ठासाठी झालेल्या जाहीर मतदानात त्याने मायकल व्हिकला हरवलं. पुढच्या मोसमात ५८७ यार्ड. गेमच्या डब्यावर तो अजून जोरात धावतो आहे.

आणि कधी कधी भाकीत सरळसोट खरंही ठरतं. २०२४मध्ये न्यूयॉर्क जायंट्सनी सॅक्वॉन बार्कलीला जाऊ दिलं. तो फिलाडेल्फियाला गेला तर आपली झोप उडेल, असं संघाचे मालक जॉन मारा टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर बोलले. बार्कली फिलाडेल्फियालाच गेला, तिथल्या भक्कम फळीच्या मागे २,००५ यार्ड धावला आणि सुपर बोलही जिंकून आला. त्या वर्षीचा सर्वांत अचूक भविष्यवेत्ता हा असा निघाला, आणि त्याला एक गुणही मिळाला नाही. त्याच वर्षी ३० वर्षांचा डेरिक हेन्री बॉल्टिमोरसाठी १,९२१ यार्ड धावला. तिशी आली की रनिंग बॅक संपतो, म्हणून कित्येकांनी त्याला खाली सोडला होता.

हरणाऱ्यांचं काय होतं, हेही पाहण्यासारखं आहे. ‘द लीग’ नावाची विनोदी मालिका २००९ ते २०१५ या काळात चालली. त्यातल्या मित्रमंडळींच्या ढालीचं नाव ‘शिवा’, शाळेतल्या एका हुशार भारतीय मुलीवरून ठेवलेलं. ती भूमिका केली जनिना गवाणकर यांनी, आणि आडनाव वाचून कोकणातल्या प्रेक्षकाने कान टवकारले तर त्याला दोष देता येणार नाही. मालिकेपासून शेवटच्या क्रमांकालाही मान देण्याची पद्धत फोफावली. सध्याची लोकप्रिय शिक्षा म्हणजे वॉफल हाऊस या रात्रंदिवस उघड्या उपाहारगृहात २४ तास बसणं. खाल्लेल्या प्रत्येक वॉफलमागे एक तास माफ. २०२१मध्ये मिसिसिपीतल्या एका पत्रकाराने ही शिक्षा भोगली आणि तिचं धावतं वर्णन जगाला कळवलं. पंधरा तास, नऊ वॉफल. हिशेब अगदी बरोबर जुळतो. फँटसी फुटबॉलमध्ये इतका बरोबर जुळलेला हिशेब दुर्मीळ.

ज्यांच्या पायांवर हे सगळं चालतं त्यांना काय वाटतं? एरियन फॉस्टरला २०११च्या ऑगस्टमध्ये मांडीची दुखापत झाली, तेव्हा त्याने ट्विटरवर आपल्या तब्येतीची चौकशी करणाऱ्यांचे आभार मानले आणि फँटसी संघाची काळजी करणाऱ्यांना चांगलंच झापलं. दोन वर्षांनी एका कंपनीने त्याच्या पुढच्या कमाईतल्या २० टक्के हिश्श्यावर शेअर विकायची योजना जाहीर केली, सुमारे एक कोटी डॉलरची. म्हणजे आता खरोखरच्या पैशांनी फॉस्टर विकत घेता येणार! महिन्याभरात त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली आणि विक्री लांबणीवर पडली.

मॉरिस जोन्स-ड्रूचा स्वभाव निराळा. २००९मध्ये जेट्सविरुद्ध जॅक्सनव्हिल एका गुणाने मागे होतं, वेळ संपत आलेली. जोन्स-ड्रूसमोर रान मोकळं होतं. तो एक यार्ड अलीकडे आपणहून गुडघा टेकून बसला. टचडाऊन केलं असतं तर चेंडू जेट्सकडे गेला असता. आता घड्याळ संपवून शेवटच्या क्षणी लाथेने तीन गुण मिळवता येत होते. तसंच झालं, सामना २४-२२ असा जिंकला. नंतर त्याने आपल्या फँटसी मालकांची जाहीर माफी मागितली. त्या आठवड्यात स्वतःच्या फँटसी संघात तो स्वतःही होता.

टॉड गर्लीने हाच शहाणपणा २०१८च्या ऑक्टोबरमध्ये ग्रीन बेविरुद्ध दाखवला. गोलरेषेच्या चार पावलं अलीकडे थांबला, रॅम्स २९-२७ जिंकले, आणि फँटसीवाल्यांनी व सट्टेवाल्यांनी त्याच्या नावाने बोटं मोडली. दोन वर्षांनी, २०२०मध्ये, तो अटलांटाकडून डेट्रॉइटविरुद्ध खेळत होता. संघ दोन गुणांनी मागे, जेमतेम मिनिटभर उरलेलं, पुन्हा तीच वेळ. चेंडू घेऊन तो सुटला, एक यार्ड अलीकडे थांबायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण अंगात आलेला वेग काही थांबेना. अंग मागे खेचत खेचत तो गोलरेषेवर कोसळला आणि चेंडू रेषा ओलांडून गेला. टचडाऊन! डेट्रॉइटला चेंडू मिळाला, त्यांनी शेवटच्या सेकंदाला टचडाऊन केलं आणि सामना २३-२२ असा हिसकावला. मैदानावर गर्ली डोक्याला हात लावून होता. ज्यांनी ऑगस्टमध्ये त्याचं नाव घेतलं होतं, त्यांच्या खात्यात दहा यार्डांचा एक आणि टचडाऊनचे सहा असे सात गुण जमा झाले होते.